देवमाशाचं चित्र आता तरी बदला

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्याकडं देवमासा म्हटलं की होडी गिळणारा राक्षस, नाहीतर पेपरात त्याच्या उलटीच्या तस्करीचा कोटींचा आकडा, एवढंच. हे मला खरंच खटकतंय.

कोरियात बांगुडेच्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी लोकांनी देवमाशाची शिकार कोरली, पण तिथंच पाठीवर पिल्लू घेतलेली मादीपण कोरलीय, म्हणजे मारणाऱ्यानंच ते किती जवळनं बघितलं असेल! पुढं १९व्या शतकात शिकारी जहाजांवरचे खलाशी मारलेल्या स्पर्म व्हेलच्या दातावर सुईनं जहाजं कोरायचे आणि रेघांत काजळी चोळायचे. मग १९७० ला हंपबॅक जातीच्या देवमाशांच्या आवाजाची रेकॉर्ड निघाली, लोकांनी ती घरात बसून ऐकली आणि वारं फिरायला लागलं, १९८६ पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली.

२०२३ मध्ये गणपतीपुळ्याला किनाऱ्यावर अडकलेलं पिल्लू वाचवायला माणसं किती धडपडली, वाचलं नाही बिचारं. त्याचं चित्र कुणी काढलंय का? कोल्हापूरला कलापूर म्हणवतो ना आपण, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीत सापडलेला समुद्रदेव पोसायडन पण आहे. यंदा एखाद्या मंडळानं देखाव्यात ती धडपड दाखवावी, मूर्तिकारांनी मनावर घ्यावं, वर्गणी मी देतो.

– एक वाचक, कोल्हापूर