पोराला पाठीवर घेऊन सिंहगडाला निघण्याआधी

इंदूर, जानेवारी

प्रिय अव्या,

तुझा मेसेज वाचला, फोनवर बोलून पुरणार नाही म्हणून रात्री सगळे झोपल्यावर लिहायला बसलोय. पोरगा आठ महिन्यांचा झाला, त्याला पाठीवर घेऊन आतकरवाडीकडून सिंहगड चढायचाय, कॅरिअर कुठलं घेऊ, एवढंच तू विचारलंयस. ते सांगतोच, पण आधी जानापावचं ऐक.

जानापाव आठवतोय ना, मानपूरकडे जाताना, चंबळ निघते तिथला डोंगर, कॉलेजात असताना आपण पहाटे बाईकवर जायचो तो. मागच्या वर्षी डिसेंबरात अनघा, मी आणि चिऊ गेलो होतो, चिऊ तेव्हा चौदा महिन्यांची. आता वरपर्यंत गाडीरस्ता आहे पण आम्ही जंगलातल्या पायवाटेनंच निघालो. सकाळी सातची वेळ, माळव्यातली थंडी तुला सांगायला नको, तरी चढता चढता मला इतकं गरम झालं की अर्ध्या वाटेत स्वेटर काढून बॅगेत कोंबला. चिऊ मागे अगदी गप्प होती. मला वाटलं झाडं बघतेय, रमलीये. वर एका वळणावर एक भिल बाई भेटली, डोक्यावर मोळी आणि तिचं तान्हं लुगड्यात पाठीशी बांधलेलं. ती थांबली, चिऊकडे बघितलं, तिचा पाय हातात धरला आणि मला खुणेनं म्हणाली, हात लावून बघ. बर्फासारखा गार होता रे. एक मोजा कधीच गळून पडलेला, पायजमा वर सरकून पोटऱ्या उघड्या, आणि वाऱ्यात तासभर तशीच. अनघानं तिला काढून शालीत पोटाशी घेतलं, बऱ्याच वेळानं पायांत ऊब आली तेव्हा कुठे ती रडायला लागली, आणि ते रडणं ऐकून माझ्या जिवात जीव आला.

मी चालत होतो आणि ती बसलेली होती. एवढी साधी गोष्ट, पण माझ्या लक्षातच आली नव्हती. आपल्या अंगाला घाम म्हणून तिलाही गरम होत असेल असं मी धरून चाललो होतो. पाठीवरचं मूल हलत नाही, त्यामुळे थंडीत ते आपल्यापेक्षा खूप लवकर गार पडतं, आणि उन्हात त्याच्या पोटऱ्या, मान, कानांच्या मागची बाजू भाजत राहते कारण त्याला सावलीत सरकता येत नाही. आणि त्या बाईच्या पोराचं अंग तिच्या पाठीला चिकटलेलं होतं, ते गार पडलं असतं तर तिला न बघता कळलं असतं. आपल्या फ्रेमच्या कॅरिअरमध्ये मुद्दामच हवा खेळायला मधे जागा ठेवलेली असते, आपल्याला बरं वाटतं पण पोराचं काहीच कळत नाही. पाठंगुळीला घेतलंय असं वाटतं खरं, पण मूल आपल्या पाठीला लागलेलं नसतं. म्हणून दर अर्ध्या तासानं थांबायचं, हात पाय मान हातानं चाचपायची, बाहेर काढून पाय मोकळे करू द्यायचे, पाजायचं. नुसतं विचारून किंवा आवाज ऐकून चालत नाही. आजीनं शिवलेली कुंची असेल तर तीच घाल, मान आणि पाठ दोन्ही झाकते, टोपी तर वाऱ्यानं उडून जाते.

अमेरिकेतली ती प्रसिद्ध स्नगली आहे ना, पोटाशी बाळ बांधायची, ती अॅन मूर नावाच्या नर्सनं टोगोत आफ्रिकन आयांना पोरं पाठीशी बांधताना बघून बनवली, १९६९ मध्ये पेटंट मिळालं. म्हणजे तिकडच्या कंपन्यांनीही हे असल्याच बायांकडून उचललंय. हे कळलं तेव्हापासून मला जानापावची ती बाई अजूनच आठवते.

आता कॅरिअर. नुसती मान धरलीये म्हणून घाई करू नकोस, त्याला आधाराशिवाय नीट बसता यायला हवं, तोपर्यंत फ्रेमचं कॅरिअर नाही, आणि तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घे. बसवल्यावर बघ, मांड्यांना आधार हवा, गुडघे बुडापेक्षा थोडे वर, बेडकासारखे. दोन्ही बाजूंना रिकिबीसारखे पट्टे असतात त्यात पाय टेकले पाहिजेत, पाय लोंबकळत राहिले की मुंग्या येतात आणि ते पोर सांगणार कसं. झोप लागली की डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही, श्वास अडतो. मागचं दिसत नाही म्हणून एक छोटा आरसा खिशात ठेव, किंवा वहिनींना मागे चालू दे, ते सगळ्यात चांगलं.

वजनाचं तू फार मनावर घेतलंयस. रिकामं कॅरिअरच साडेतीन किलोच्या आसपास, त्यात आठ-नऊ किलोचं पोर, पाणी, लंगोट, कपडे, म्हणजे पंधरा किलो धरून चाल. ते खांद्यांवर नाही, कमरेच्या हाडांवर यायला हवं. आधी कमरेचा पट्टा आवळायचा, मग खांद्याचे, मग छातीचा, उलटं केलंस तर अर्ध्या तासात मान धरेल. मी आधी शरबती गव्हाची दहा किलोची पिशवी कॅरिअरमध्ये बांधून चार रविवार इथल्या रालामंडलच्या टेकडीवर चढलो, तूही तांदूळ बांधून वेताळ टेकडी कर. फरक चढताना नाही, उतरताना कळतो, मुरमावर पाय सरकतो आणि मागचं वजन एका बाजूला झोपलेलं असतं. काठी घेच. आणि फांदीखालून जाताना कमरेत वाकू नकोस, गुडघ्यात बस, वाकलास की त्याचं डोकं तुझ्या डोक्याच्या पुढे जाऊन थेट काट्यात.

एका गोष्टीत मात्र माझं ऐकच. जिथे चढायला हात लावावा लागतो तिथे पाठीवर मूल न्यायचं नाही. सिंहगडाची वाट ठीक आहे, राजगडाला गेलास तर बालेकिल्ला सोडून दे, खालून बघा. आणि पाण्यात उतरायचं नाही, घोट्याएवढं असलं तरी नाही. पाताळपाणीच्या धबधब्यावर २०११ च्या पावसाळ्यात काय झालं ते आपण दोघांनी बघितलंय, मिनिटाभरात पाणी वाढलं आणि माणसं वाहून गेली. पाठीवर पट्ट्यांनी बांधलेलं मूल पाण्यात सोडवता येत नाही अव्या. आम्ही आता पाताळपाणीला नुसतं रेलिंगवरून बघतो.

किती मोठं होईपर्यंत नेता येतं विचारलंयस. बहुतेकांवर वीस-बावीस किलोची मर्यादा लिहिलेली असते, काहींत सामान आणि कॅरिअरचं वजनही त्यातच धरलेलं असतं, लेबल वाच. मला हल्ली लक्ष्मीबाईंचं ते शाळेतलं चित्र सारखं आठवतं, घोड्यावर आणि दामोदर पाठीशी बांधलेला. दामोदरराव १८४९ चे, म्हणजे १८५८ मध्ये आठ वर्षांचं पोर, चांगलं वीस किलोच्या वर असणार. चित्रातलं तसंच घडलं का कुणास ठाऊक, पण पुढे तेच दामोदरराव इथे आपल्या इंदूरला राहिले, १९०६ मध्ये इथेच वारले. लहानपणी त्या चित्रात मला तलवार दिसायची. आता मी तो गाठ मारलेला शेला बघतो, पोराचे पाय कुठे असतील ते बघतो.

तर कॅरिअर विकत घेऊच नकोस. चिऊ आता स्वतः चालते, दहा पावलांवर एक दगड उचलते, रालामंडलला दोन तास लागतात आणि मला ते फार आवडतंय. आमचं घे. पट्टे धुऊन वाळवलेत, बकल सगळी तपासलीत, एका बाजूची रिकीब थोडी सैल होती ती शिवून घेतली. पुढच्या शनिवारी अनघाचा भाऊ पुणे गाडीनं येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो, स्टेशनवर घ्यायला ये. फक्त तुझ्या आणि वहिनींच्या पाठीची लांबी मोजून कळव, मान खाली केल्यावर जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडापर्यंत, म्हणजे मी फ्रेम आधीच तेवढी लावून देतो.

काकूंना नमस्कार, पिल्लाला पापा.

तुझा,
नित्या