पूरनियंत्रणाकडून पूरजोखमीकडे : बदल कशावरून ओळखायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर ओसरला की चर्चा होते ती मदतीच्या रकमेची, धरणातून पाणी केव्हा सोडले याची आणि दोषी अधिकाऱ्यांची. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु पुराचा धोका कोणी सांभाळायचा, त्यासाठीचा निधी कोणाच्या हाती असावा आणि नदीकाठच्या जमिनीवर काय बांधू द्यायचे हे कोणी ठरवायचे, हे प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतात. गेल्या शतकात अनेक देशांनी या प्रश्नांची उत्तरे बदलली आहेत. धोरणाची भाषा लवकर बदलते, अधिकारांची वाटणी मात्र फार उशिरा बदलते, आणि पूरग्रस्ताच्या दृष्टीने खरा फरक या दुसऱ्या बदलानेच पडतो, हे मला येथे मांडायचे आहे.

अमेरिकेत मिसिसिपी नदीसाठी दीर्घकाळ ‘केवळ बांध’, म्हणजे काठाने बांध घालून पाणी पात्रातच ठेवणे, हेच धोरण होते. १९२७ च्या महापुरात हे बांध ठिकठिकाणी फुटले आणि लाखो लोक बेघर झाले. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने पूरनियंत्रणाची जबाबदारी संघराज्य सरकारकडे आली, आणि १९३६ च्या कायद्याने ती देशभर विस्तारली. दोन्ही वेळा बळ वाढले ते अभियंत्यांच्या यंत्रणेचे. पूर निसर्गाने येत असले तरी पुराचे नुकसान मुख्यतः माणसाच्या करणीमुळे होते, असे भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात मांडले. बांधामुळे लोक निर्धास्त होतात, बांधामागे वस्ती दाट होते आणि बांध फुटला की हानी पूर्वीपेक्षा मोठी होते, ही गोष्ट जाणकारांना तेव्हापासून ठाऊक आहे. तरीही जमीनवापरावर निर्बंध घालणाऱ्या स्थानिक संस्थांमधील रहिवाशांनाच सरकारी पूरविमा देण्याची व्यवस्था यायला १९६८ साल उजाडले. त्यातही बांधकाम-परवानगीचा अधिकार स्थानिक संस्थांकडेच राहिला. नव्या वस्तीमुळे मिळणारा कर त्यांच्या तिजोरीत जातो आणि पुरानंतरच्या मदतीचा मोठा भार संघराज्यावर पडतो. ज्याच्या निर्णयाने धोका वाढतो त्यालाच त्याची किंमत मोजावी लागत नसेल, तर केवळ नकाशे आणि नियमावली यांच्या जोरावर पूरक्षेत्रातील बांधकाम थांबेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

नेदरलँड्सचा अनुभव अधिक तपशिलाने पाहण्यासारखा आहे. तेथील जलमंडळांची, म्हणजे पाणी व बांध सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थांची, परंपरा तेराव्या शतकापासूनची आहे. ही मंडळे निवडणुकीने बनतात आणि स्वतःचा कर वसूल करतात. १९५३ च्या समुद्री पुरात १,८३६ लोक दगावल्यावर त्या देशाने नद्या समुद्राला मिळतात त्या मुखांवर प्रचंड बांध आणि दरवाजे उभारले; ते काम १९९७ पर्यंत चालले. मात्र १९९३ आणि १९९५ मध्ये नद्या फुगल्या, दुसऱ्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले, आणि बांध उंचावत नेण्याला मर्यादा आहे हे राज्यकर्त्यांनी मान्य केले. त्यातून नदीला जागा परत देण्याचा कार्यक्रम आकाराला आला. तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे घेणे, पात्रालगतची जमीन खोल करणे, जादा प्रवाहमार्ग काढणे अशी कामे झाली. ऱ्हाइन नदीतून सेकंदाला १६,००० घनमीटर पाणी सुखरूप वाहून जावे, हे उद्दिष्ट केंद्राने ठरवले. पण तेवढाच परिणाम साधणारा पर्याय सुचवण्याची मुभा स्थानिक संस्थांना होती. ओव्हरडीप येथील शेतकऱ्यांनी तर मातीच्या उंच ओट्यांवर आपली घरे-गोठे नव्याने बांधण्याची योजना स्वतःच पुढे आणली. सर्वच ठिकाणी असे झाले नाही. नाइमेखन शहरासमोरच्या काठावर बांध मागे नेण्यासाठी सुमारे पन्नास घरे पाडावी लागली आणि रहिवाशांचा विरोधही झाला. नदीला जागा देण्याची भाषा कितीही सौम्य वाटली तरी ती जागा कोणाची तरी असते. म्हणूनच ज्यांची जागा जाते त्यांना मोबदला, पुनर्वसन आणि निर्णयात सहभाग मिळाला का, या निकषांवरच मी अशा धोरणाचे मूल्यमापन करीन. पुढे २०१२ पासून लागू झालेल्या कायद्याने स्वतंत्र आयुक्त आणि राखीव निधी यांची तरतूद केली. त्यामुळे पूर आला नाही तरी दरवर्षी संसदेपुढे पूरसंरक्षणाचा कार्यक्रम मांडावाच लागतो.

इंग्लंडमध्ये २००७ च्या उन्हाळ्यातील पुरानंतर सर मायकेल पिट यांच्या चौकशीत एक मोठी उणीव पुढे आली. नद्यांसाठी यंत्रणा होती; पण पावसाचे पाणी रस्त्यांवर व घरांत तुंबले तर त्याला उत्तरदायी कोण, हे स्पष्ट नव्हते. २०१० च्या कायद्याने ती जबाबदारी स्थानिक प्राधिकरणांकडे सोपवली. नव्या बांधकामात पावसाचे पाणी मुरवण्या-साठवण्याची सक्ती करणारी तरतूदही त्याच कायद्यात होती. वेल्समध्ये ती २०१९ मध्ये लागू झाली; इंग्लंडमध्ये मात्र त्यानंतरही ती कागदावरच राहिली.

जुलै २०२१ मध्ये जर्मनीत १८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. युरोपीय पूर-अंदाज यंत्रणेने काही दिवस आधीच इशारे दिले होते. पण त्यांचे वस्ती रिकामी करण्याच्या स्थानिक आदेशांत वेळेवर रूपांतर झाले नाही. त्याच पावसात नेदरलँड्समध्ये जीवितहानी झाली नाही. जर्मनीतील पूरग्रस्त आर नदीचे अरुंद, तीव्र उताराचे खोरे आणि नेदरलँड्सचा प्रदेश यांत फरक आहे, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. तरीही इशारा आणि आदेश यांच्यामधली साखळी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न उरतोच.

म्हणून पूरविषयक कोणतेही नवे धोरण जाहीर झाले की वृत्तपत्रांनी काही गोष्टी आग्रहाने विचाराव्यात, अशी माझी विनंती आहे. पूरक्षेत्रातील बांधकाम नाकारण्याचा अधिकार पुराची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला मिळाला आहे का? बांधांच्या देखभालीचा पैसा दरवर्षी ठरलेला आहे, की आपत्तीनंतरच्या घोषणेवर अवलंबून आहे? युरोपीय संघाच्या २००७ च्या पूर-निर्देशात धोक्याचे नकाशे व आराखडे यांचा दर सहा वर्षांनी फेरविचार बंधनकारक आहे. तशी मुदत नव्या धोरणात आहे का, आणि त्या फेरविचारात पूरक्षेत्रातील रहिवाशांना स्थान आहे का?

आपला,
एक वाचक