क्रॉमफर्डची गिरणी बघायला जाशील तेव्हा

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

क्रॉमफर्डला जातोयस, छान. तुझा डोळा बांधकामाचा, तरी आधी पाणी कुठून येतं ते बघ. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या या खेड्यात सूतगिरणी घातली ती त्या पाण्यासाठी. डर्वेंट नदी शेजारीच, पण चाक फिरवलं ते बॉन्सॉल ओढ्याच्या आणि शिशाच्या खाणींतलं पाणी बाहेर काढणाऱ्या बोगद्याच्या पाण्यावर. बोगद्याचं पाणी जमिनीखालून येतं, त्यामुळे हिवाळ्यातही गोठत नसे. पुढे मीअरब्रुक हा आणखी खोल बोगदा खणला गेला आणि १८४० च्या दशकात त्याने हे पाणी ओढून घेतलं. तिथेच गिरणी खचली. नदीवरची आर्कराइटचीच मॅसन गिरणी (१७८३) मात्र १९९१ पर्यंत चालली.

त्याचं सूत कातायचं यंत्रही समजून घे. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वात, रुळांच्या जोड्यांतून जातो. पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरते, म्हणून तो ताणून बारीक होतो आणि चातीवर पीळ बसतो. खालचा रूळ खाचांचा, वरचा चामडं चढवलेला, त्यावर वजनाचा दाब. सगळी गोम जोड्यांमधल्या अंतरात आहे. ते तंतूच्या लांबीहून किंचित जास्त हवं. कमी पडलं तर दोन्ही जोड्या एकच तंतू धरतात आणि तो तुटतो. फार झालं तर तंतू मधेच सुटे पडतात नि सूत कुठे जाड, कुठे बारीक येतं. नीट जमलं की ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चालेल इतकं घट्ट सूत निघतं. त्याआधी इंग्लंडात ताण्याला जवसाचा धागा घालत, कारण हातचं कापसाचं सूत टिकत नसे.

पाच मजल्यांची पहिली गिरणी आता बुटकी दिसेल. १९२९ च्या आगीत वरचे दोन मजले गेले. १७७७ ची दुसरी तर १८९० मध्येच जळाली. लाकडी तक्तपोशीत तेल मुरलेलं, हवेत कापसाची धूळ, ठिणगीच पुरे. गिरणीनंतर इथे रंगाचा कारखाना होता, त्याचं शिसं भिंती-जमिनीत मुरलं. १९७९ मध्ये आर्कराइट सोसायटी या वारसा जपणाऱ्या संस्थेने जागा घेतली तेव्हा साफसफाई हेच मोठं काम होऊन बसलं.

दगडी भिंतींच्या दरजा बोटाने चाचपून बघ. चुन्याऐवजी सिमेंट भरलं की ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, दगडातूनच निघते. मग सांधा शाबूत राहतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. अशा ‘दुरुस्ती’पेक्षा उघडी दरज बरी!

नॉर्थ स्ट्रीटवरची १७७६ ची कामगारांची घरंही चुकवू नकोस. वरच्या मजल्याला ओळीने खिडक्या आहेत, मागाला उजेड हवा म्हणून. त्यांचे फोटो पाठव.

तुझा,
वसंत