हवामानाच्या चौकटीत आंबिल ओढ्यालाही जागा द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात रोज हवामानाची चौकट येते. पुण्यातलं शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, प्रत्येकाचं कमाल आणि किमान तापमान. पावसाळा लागला की तिच्या शेजारीच खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरचा साठा येतो, मुठेत किती क्युसेकने पाणी सोडलंय तेही कळतं. चारही धरणं मिळून २९.१५ टीएमसी, हा आकडा आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही पाठ आहे. पण माझ्या घरापासून दोनशे पावलांवर जो आंबिल ओढा वाहतो, त्याच्याबद्दल त्या पानावर एक अक्षर नसतं. त्याच्या पाण्याचं तापमान आणि त्याची पातळी, हे दोन आकडे तिथे रोज छापावेत, ही विनंती करायला हे पत्र लिहिते आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला जाताना अरण्येश्वरजवळच्या छोट्या पुलावर थांबायची सवय लागली आणि गेली तीन वर्षं तिथे पाण्याचं तापमान मोजते आहे. साधन साधंच. लाल अल्कोहोलचा तापमापक, सुतळी आणि एक डबा. पाऱ्याचा तापमापक मुद्दाम घेतला नाही, फुटला तर पारा ओढ्यात जायचा. डबा सावलीच्या बाजूला सोडायचा, भरू द्यायचा, तापमापकाचा फुगा डब्यातल्या पाण्यात बुडालेला असतानाच आकडा वाचायचा. बाहेर काढून वाचला की दोन-चार सेकंदांतच तो सरकतो आणि मोजणं फुकट जातं. मग हवेचं तापमान, तेही सावलीतलं. आभाळ कसं आहे, वारा कुठून आहे, वास येतोय का, हे एका ओळीत. अशा तीन वह्या झाल्या.

मागच्या वर्षी त्या वह्या घेऊन मी एका कार्यालयात गेले होते. तिथल्या साहेबांनी पानं चाळली, चहाही दिला, आणि विचारलं, "बाई, ओढ्याच्या पाण्याचं तापमान कळून करायचं काय?" प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, ते आज सांगते.

पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंशाला एक लिटर स्वच्छ पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. हे आकडे समुद्रसपाटीचे. पुणे ५६० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्याकडे त्याहून थोडा कमीच. त्यात सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू उरलेला प्राणवायू ओढतात, आणि पाणी कोमट असलं की त्यांचा झपाटा वाढतो. म्हणजे उन्हाळ्यात साठा कमी आणि खर्च जास्त. मासे जगायचे तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्रभर घेतं, त्यामुळे पाण्याची सगळ्यांत वाईट वेळ सूर्योदयाच्या जरा आधीची. गेल्या एप्रिलमध्ये एका पहाटे पुलाखालच्या डबक्यात चिलापी मासे वर येऊन आ वासत होते. तोंडं एकसारखी उघडत-मिटत होती, पाठीवरून हात फिरवला असता तरी हलले नसते. तापमापकात २९ अंश होते, तेही सकाळी सहाला. आठ वाजता परत गेले तेव्हा निम्मे पांढरं पोट वर करून तरंगत होते. डासांसाठी सोडलेले गप्पी तेवढे जिवंत होते, ते पाण्याच्या अगदी वरच्या थरावर तग धरतात.

दुसरं म्हणजे तापमापक चोरून सोडलेलं पाणी पकडून देतो. जानेवारीत सकाळी हवा १२ अंशांवर असते आणि ओढ्यावरून वाफ निघत असते. पुलावरून जाणारी मंडळी मोबाईलवर फोटो काढतात, दिसतंही ते सुरेख. जमिनीखालून झिरपणारं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचं असतं, त्यामुळे हिवाळ्यात झऱ्याचं पाणी हवेपेक्षा ऊबदार लागणारच. आमच्या आजोळची विहीरही तशीच होती, थंडीत पोहऱ्यातून वाफ यायची. पण एका ठिकाणी पाणी १८ आणि तिथून वीस पावलं खाली २१, याला झरा कारण नाही. तिथे झुडपात एक पाइप होता, सकाळी सात ते नऊ या वेळात जोरात वाहणारा. घराघरांतल्या गिझरचं अंघोळीचं पाणी थेट ओढ्यात. वास नव्हता, रंग नव्हता, नुसता साबणाचा हलका फेस. डोळ्यांना कळलं नसतं.

तिसरं सावलीचं. माझ्या पुलाच्या वरच्या अंगाला थोडा पट्टा असा आहे, जिथे उंबर आणि करंज दोन्ही काठांवरून वाकलेले आहेत. मेच्या दुपारी तिथलं पाणी २९ भरतं. तेच पाणी पुढे सिमेंटच्या भिंतींमधून उघड्यावर पसरट वाहत आलं की ३४. मध्ये अंतर पाच-सात मिनिटं चालण्याचं. २०१९ च्या पुरानंतर भिंती बांधल्या गेल्या, त्यामागची भीती मी स्वतः अनुभवली आहे, त्यामुळे भिंती नकोत असं मी म्हणणार नाही. पण भिंत बांधताना काठचं झाड जातं, तळ सपाट होतो, पाण्याला डोह उरत नाही, आणि दिवसभर तापलेलं सिमेंट रात्रीही पाण्याला निवू देत नाही. वळवाची पहिली सर आली की पाणी गार होईल असं आपण धरून चालतो. मी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा पहिली काही मिनिटं आलेलं पाणी आधीपेक्षा कोमट होतं, कारण ते तापलेल्या डांबरावरून धुऊन आलेलं. गारवा नंतर.

आता पातळीबद्दल. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आमच्या भागात कोणी विसरणार नाही. कात्रजच्या बाजूला पाऊस कोसळला आणि बघता बघता ओढा घरांत शिरला. खालच्या गाड्या एकमेकींवर आपटत होत्या, पाण्यात बुडालेल्या मोटारींचे हॉर्न आपोआप वाजत होते आणि अंधारात तेवढाच आवाज कितीतरी वेळ येत राहिला. पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं त्या पावसात गेली. कात्रजच्या डोंगरापासून तळी ओलांडून, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळेपर्यंत हा ओढा जेमतेम दहा-बारा किलोमीटरचा. धरणातून पाणी सोडायचं तर आधी सूचना येते, भोंगा वाजतो. ओढा सूचना देत नाही. कात्रजला पाणी दोन फूट चढलं तर खालच्या वस्तीला किती मिनिटं मिळतात, हे कोणी सांगू शकेल का? सांगायचं तर दोन-चार पावसाळे दोन्हीकडे पातळी लिहून ठेवलेली हवी.

पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्यातून जमिनीखालच्या नळाने पाणी शहरात आणलं, हौदांत खेळवलं. त्या लोकांना हे पाणी कुठून येतं, किती येतं, उन्हाळ्यात किती आटतं याचा अंदाज असल्याशिवाय ते जमलं नसतं. आणि हे शहर तर मोजमापांचं. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून इथे आलं, आजही रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ एवढं सांगितलं की पुरतं. ३० एप्रिल १८९७ ला पुण्याची हवा ४३.३ अंश तापली होती हे आपल्याला दशांशासकट माहीत आहे. काल आंबिल ओढ्याचं पाणी किती तापलं होतं, हे मात्र कुठेच लिहिलेलं सापडणार नाही. माझ्या वहीत आहे, पण एका बाईची वही ती किती दिवस पुरणार?

खर्च फार नाही. प्रत्येक पुलाच्या खांबावर न पुसणाऱ्या रंगाने फूट-इंचांची पट्टी रंगवायची. कात्रज, पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल, अशी चार ठिकाणं सुरुवातीला पुरेत. जवळच्या शाळेतली आठवी-नववीची मुलं शिक्षकांबरोबर पुलावरूनच, पाण्यात न उतरता, सकाळी तापमान आणि पातळी घेतील. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी मुलांनी यायचं नाही, मोठ्यांनी लांबून पट्टी वाचायची. मापन कसं करायचं ते शिकवायला मी येईन, माझ्यासारखे आणखी निवृत्त शिक्षकही मिळतील. आपण फक्त चौकटीत एक ओळ वाढवावी. रामनदी, देवनदी, नागझरी, भैरोबा नाला यांच्या काठची मंडळी ती ओळ पाहून आपापले आकडे घेऊन येतील असा माझा विश्वास आहे.

तिन्ही वह्यांच्या छायाप्रती या पत्रासोबत पाठवते आहे. आजची नोंद त्यांत नाही म्हणून इथे देते. अरण्येश्वरजवळचा पूल, सकाळी ७ वाजता. हवा २५ अंश, पाणी २७ अंश, पुलाच्या दुसऱ्या दगडापर्यंत पाणी, आभाळ ढगाळ, वारा पश्चिमेचा, वास थोडा. उंबरावर खंड्या बसला होता.

आपली वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
सहकारनगर, पुणे