ओमच्या शस्त्रक्रियेबद्दल आई-बाबांना

नाशिक

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

ओमची शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी इथेच नाशिकला करायचे आम्ही ठरवले असून संमतीपत्रावर सह्याही झाल्या आहेत. फोनवर बाबांचा आवाज भरून येतो आणि मग मलाही बोलवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आई, गाठ म्हटल्यावर तू घाबरलीस, पण हा कर्करोग नाही. सायकलचे हॅण्डल पोटात रुतले तेव्हा स्वादुपिंड पाठीच्या कण्यावर दाबले गेले, त्यातला पाचकरस झिरपून जठरामागे साचला आणि त्याभोवती पिशवीसारखे आवरण तयार झाले. मुलांमध्ये अशी पिशवी पुष्कळदा आपोआप जिरते, म्हणून डॉक्टर सोनोग्राफी करत, रक्तातले अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारे पाचकद्रव्य, तपासत थांबले. शिवाय आवरण टाके धरण्याइतके जाड व्हायला चार ते सहा आठवडे लागतातच. मात्र ओमची पिशवी वाढतेच आहे. वरणभाताचे दोन घास खाल्ले की तो ताट सरकवतो, बरगड्यांखालचा फुगवटा तळहाताने धरून बसतो आणि थोड्या वेळाने ओकतो.

मुंबईला न्यावे या बाबांच्या म्हणण्याचा मी खरोखर विचार केला. पण बालशल्यचिकित्सक, मुलांना भूल देणारे डॉक्टर आणि अतिदक्षता विभाग इथे एकाच ठिकाणी आहेत, आणि अशा पोटाने त्याला कसारा घाटातून नेणे मला नको वाटले. दुर्बिणीने जठराची मागची भिंत आणि पिशवी जोडून वाट करतील, म्हणजे साचलेला द्रव जठरात उतरेल. बाहेरून नळी घातली तर त्या जागेतून रस पाझरत राहण्याची भीती असते. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

बाबा, सायकल तुम्ही घेऊन दिली म्हणून हे झाले, असे पुन्हा म्हणू नका. मला विषमज्वर झाला तेव्हा पंचवटीच्या वाड्यात रात्ररात्र उशाशी बसलेले तुम्हीच मला आठवता, आणि ओमही 'आजोबा हॅण्डल सरळ करतील ना?' एवढेच विचारतो.

तुम्ही नको म्हणून नव्हे, तर रक्तदाबामुळे प्रवास नको म्हणून नागपूरलाच थांबा. ताईने खालची खोली रिकामी केली आहे, त्यामुळे बाबांना जिने चढावे लागणार नाहीत. गोळ्या वेळेवर घ्या. आई, गुरुवारी निर्जळी उपास अजिबात करायचा नाही, तुझी साखर उतरते. शस्त्रक्रिया संपताच हे ताईला फोन करतील. तोवर तुम्ही दोघांनी जेवून घ्या.

तुमची,
माई