ऑफिसातून घरी येण्याचा रस्ता

इंदूर,
१२ जून २०२१

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

काल तू म्हणालास, "काही नाही रे, आळस आलाय," आणि विषय बदललास. मला ते पटलं नाही. फोनवर तू पुढे बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहितोय.

तो आळस नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे एकवीस दिवसांसाठी म्हणून आपण लॅपटॉप घरी आणले, त्याला सव्वा वर्ष झालं. मी इथे रामबागेत आईबाबांजवळ आहे. आठ वाजले की आई लॅपटॉपशेजारी ताट आणून ठेवते आणि उठेपर्यंत तिथून हलत नाही. तुला पुण्यात, त्या एका खोलीत, दिवस संपला हे सांगणारं कुणीच नाही.

मला ऑफिसची आठवण फारशी येत नाही, पण मधल्या रस्त्याची येते. सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसातून निघालं की बडा गणपतीपर्यंत मॅनेजरचं बोलणं डोक्यात फिरत असायचं. राजवाड्याच्या गर्दीत शिरेपर्यंत ते गळून गेलेलं असायचं आणि घरी कुठली भाजी न्यायची ते आठवायला लागायचं. मन ओझं उतरवायचं ते त्या पाऊण तासात. आता लॅपटॉप मिटला की दोन पावलांवर पलंग.

त्यात दिवसभर पडद्यावर स्वतःचा चेहरा बघायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यात हेही आहे, आणि एका जागी खिळून बसणंही. झूममध्ये आपली खिडकी आपल्यापुरती लपवता येते. तेवढं आजच कर. ज्या कॉलला पडदा लागत नाही, तो चालता चालता घे.

पण खरं बोलायचंय ते एप्रिलबद्दल.

एका खिडकीत बेड, ऑक्सिजन, रेमडेसिविर कुठे मिळेल याचे मेसेज, आणि दुसऱ्या खिडकीत स्प्रिंटचं, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्याचं, नियोजन. तुझ्या टीममधला तो मुलगा गेला, तेव्हा कॉलवर मिनिटभर शांत राहिलात आणि पुढची स्लाइड आली. त्याचं राहिलेलं काम तू अंगावर घेतलंस. मकरंद, त्याच्यासाठी तू रडलास कधी?

आपल्याकडे माणूस गेला की शेजारचे पिठलं-भात आणून देतात. लोक येऊन बसतात, शेवटी काय झालं ते पुन्हा पुन्हा विचारतात, आणि घरचे पुन्हा पुन्हा सांगतात. लहानपणी मला तो छळ वाटायचा. आता वाटतं, सांगून सांगूनच ते माणसाला सोसवतं. त्या मुलासाठी तुला असं बसता आलं नाही. त्याच्या आईला फोन कर. काय बोलायचं ते ठरवू नकोस, नुसता कर. तो कामात कसा होता हे तिला तुझ्याशिवाय कोण सांगणार?

आणि पहाटे तीनला जाग येते म्हणालास, ते किती दिवस चाललंय? झोप उडालेली, कशात मन नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ताप उतरत नाही म्हणून जातोच ना आपण? बाहेर पडायचं नसेल तर व्हिडिओवरून सल्ला द्यायची डॉक्टरांना मार्च २०२० पासून अधिकृत मुभा आहे. रात्री अगदीच असह्य झालं, तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन चोवीस तास, मोफत, मराठीतही आहे. आणि मी आहेच. तीन वाजता फोन केलास तर मला बरंच वाटेल.

सोमवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घे आणि मला कळव. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकतो. आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर फोनवर असेन. इथला कर्फ्यू आता सैल होतोय. महिनाअखेर तुझं काम घेऊन इकडेच ये, वरची खोली रिकामी आहे. आईला मी सांगून ठेवलंय.

काकाकाकूंना सा. न. त्यांना यातलं काही सांगायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा,
सुहास