आठ पासपोर्ट फोटो आणि मृग नक्षत्र

स्टुडिओवाले काका,
सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम उघडं लिहितेय. पाकिटात घालून दिलं तर तुम्ही ते गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये टाकून विसराल. आणि तोंडावर आभार मानायला गेलं की 'पुढचं गिऱ्हाईक थांबलंय' म्हणता, दुकानात चिटपाखरू नसलं तरी.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी आठ पासपोर्ट फोटो काढायला आम्ही तुमच्याकडे आलो. भिंतीवर पाटी होती: 'फोटो तुमच्यासारखाच येईल. नंतर वाद घालू नये.' पाटीशेजारी तो मोठा फोटो. काळ्याभोर आभाळात पंख पसरलेला गुलाबी-जांभळा ढग. लेकीनं विचारलं, "आई, हे खरं आहे?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर करतात गं असलं." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ताई, पाटी वाचलीत ना?"

तो मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे आभाळातला वायूचा आणि धुळीचा उजळ ढग आहे, हे तेव्हा कळलं. खरं सांगते, मृग म्हणजे माझ्यासाठी पाऊस. माहेरी सात जूनच्या सुमाराला 'मृग लागला' की पेरणीची घाई. ते नक्षत्र आभाळात दिसतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत, त्या दिवसांत सूर्यच मृगात असतो, म्हणून तो दिसत नाही. बघायचा तर थंडीत, जेवणं झाल्यावर. चार कोपऱ्यांना मृगाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाची रेघ एकीकडे वाढवली की व्याध, दुसरीकडे रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुबका. बाणाच्या जवळच तीन अंधूक ठिपके, त्यातल्या मधल्यात हा ढग. त्या रात्री आम्ही दोघी धायरीच्या गच्चीवर गेलो आणि पाच मिनिटांत सापडला की मृग! चाळीस वर्षं डोक्यावरून जात होता आणि मी खाली पोळ्या लाटत होते.

पण आमचा मुक्काम त्या फोटोशीच होता. दर शनिवारी डबे पोचवून परत येताना लेक तुमच्या दुकानात शिरायची आणि तुम्ही तिला एकेक गाठ सोडवून दाखवायचात. तो फोटो एक नाहीच. वीस-वीस सेकंदांचे एकशे ऐंशी फोटो, म्हणजे मोजून एक तासाचा उजेड. आभाळ दर चार मिनिटांना एक अंश सरकतं, म्हणून कॅमेरा त्याच्याबरोबर हळूहळू फिरणाऱ्या माउंटवर, म्हणजे स्टँडवर बसवलेला. मग ते सगळे एकावर एक रचायचे. प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याचे स्वतःचे दाणे असतात, पण ते दर वेळी जागा बदलतात. तारे बदलत नाहीत. रचता रचता दाणे विरतात आणि ढग उरतो.

तुम्ही दिलेला दाखला तर मी आता सोसायटीत सगळ्यांना ऐकवते. धायरीत नळाला पाणी करंगळीएवढं येतं. ओंजळ धरली तर हाती काय लागणार? पण रात्रभर हंडा लावून ठेवला की सकाळी काठोकाठ. डोळा म्हणजे ओंजळ, कॅमेरा म्हणजे हंडा. पाणी तेच.

दुर्बिणीचं प्रकरणही इथे कबूल करून टाकते. दिवाळीत मी लेकीला हौसेनं ऑनलाइन दुर्बीण मागवून दिली होती. खोक्यावर शनीचं झगझगीत चित्र आणि '५२५ पट' असे ठळक आकडे. दिसलं काय, तर एक थरथरणारा पांढुरका डाग, तोही क्षणात पळून जायचा. आठवड्यात दुर्बीण माळ्यावर गेली आणि तीन हजार रुपये पाण्यात. कुणाकडून घेतली ते नाही लिहीत, चूक माझीही होती. तुम्ही ती खाली काढायला लावलीत आणि म्हणालात, "किती पट हे विचारू नका, तोंड केवढं ते विचारा." तिचं तोंड, म्हणजे पुढचं भिंग, साठ मिलिमीटरचं. तेवढ्याला शंभर-सव्वाशे पट म्हणजे डोक्यावरून पाणी, पुढे सगळं नुसतं मोठं आणि धूसर होत जातं. पण तेच साठ मिलिमीटर अंधारातल्या आपल्या डोळ्याच्या बाहुलीच्या सत्तरेक पट उजेड गोळा करतात, हे त्या खोक्यावर कुठेच नव्हतं. दिवसाउजेडी दूरच्या एका पाण्याच्या टाकीवर रोखून तुम्ही तिची छोटी शोधदुर्बीण जुळवून दिलीत, सगळ्यात कमी पटीची आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावलीत आणि पैसे घेतले नाहीत.

आणि मग पानशेतच्या पलीकडची फेब्रुवारीतली ती अमावास्येची रात्र. तुम्ही, आम्ही दोघी आणि पेठेतली चार पोरं. टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळलेला, मोबाइल सगळ्यांचे जप्त. वीस-पंचवीस मिनिटं अंधारात नुसतं बसायचं, तोवर दुर्बिणीला कुणी हात लावायचा नाही. माझ्या पोरीचा नंबर आला. तिनं डोळा लावला आणि म्हणाली,

"एवढंच?"

मला कानकोंडं झालं. एवढ्या लांब आणून, थंडीत कुडकुडत, आणि समोर काय तर राखाडी फुंकर. ना गुलाबी, ना जांभळं. तुम्ही मात्र जणू याच शब्दाची वाट बघत होतात. तिला म्हणालात, थेट नको बघूस, जरा कडेला नजर टाक. डोळ्याचा मधला भाग अंधारात कमी बघतो, कडेचा जास्त. तिनं तसं केलं आणि एकदम म्हणाली, "अय्या, पंख!" रंग दिसत नाही, कारण अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाही, आणि ढगातल्या हायड्रोजनच्या उजेडाचा गडद लाल तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. साध्या कॅमेऱ्यातली काचही तो लाल बराचसा अडवते, म्हणून तुम्ही तुमच्या जुन्या कॅमेऱ्यातली ती काच काढूनच टाकली होतीत.

मग तुम्ही जे बोललात ते मला शब्द न् शब्द आठवतंय. "दुकानातला फोटो बघताना तुझ्या डोळ्यात माझ्या ट्यूबलाइटचा उजेड जातो. इथे त्या ढगाचाच गेला." तेराशेहून जास्त वर्षं वाटेत असलेला. आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं तेव्हा निघालेला. पोरगी परत डोळा लावून बसली ती उठेचना. मागच्या पोरांनी आरडाओरडा केला शेवटी.

काका, सुंदर फोटो दाखवणारे पुष्कळ आहेत. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी 'सुप्रभात'खाली एक आकाशगंगा असतेच. फोटो दाखवून त्याची शिवण उसवून दाखवणारे तुम्ही एकटे भेटलात. हबल या अवकाश दुर्बिणीनं १९९५ साली टिपलेल्या गरुड तेजोमेघातल्या त्या धुळीच्या खांबांचं चित्र लेकीनं आणलं, तेव्हाही तुम्ही लपवलं नाहीत. गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या उजेडाला अनुक्रमे लाल, हिरवा, निळा रंग वाटून दिलेला आहे, म्हणालात. गंधकाचा आणि हायड्रोजनचा उजेड मुळात दोन्ही लालच. तसाच ठेवला तर कोण कुठे आहे ते कळणारच नाही. "ही फसवणूक नाही, नकाशा आहे." यावर लेकीनं तुमच्याशी अर्धा तास वाद घातला. पाटी वाचूनसुद्धा.

आता ती सातवीत आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत गेलो, तर रांगेत मागच्या बाईंना हीच हंडा-ओंजळ समजावत होती, तुमचं नावही न घेता! घरी आल्यावर मी झापलं.

गेल्या आठवड्यात तिनं गच्चीवर स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवून दहा सेकंदांचा फोटो काढला. खाली सिंहगड रोडचा पिवळा उजेड, एका कडेला आमची टाकी आणि वर, थोडा तिरका, मृगाचा बाण. तिला तो चार बाय सहाच्या कागदावर हवाय.

शनिवारी येतोय. या वेळी प्रिंटचे पैसे घ्यायचे. नाही घेतलेत, तर गुळाच्या पोळ्या डब्यासकट परत नेईन.

तुमची,
आठ पासपोर्टवाली ताई